बसल्या मापाचा कोट

टेपताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कापड कापायची, आणि माप घ्यायची टेप तिच्या गळ्यात सदानकदा लोंबत असायची. जेवताना, बसमध्ये, एकदा तर कुणाच्या तरी लग्नातसुद्धा ती तशीच मिरवून आली. तिथे कुणी चकार शब्द काढला नाही, कारण सगळ्यांना तो नव्या पद्धतीचा दागिना वाटला. नवरा थट्टेने तेच नाव घ्यायचा, आणि कॉलेजात जाणारी लेक मैत्रिणींना सांगताना "आमची टेपताई" असंच म्हणायची.

तर कारखान्यातले म्हातारे कटिंग मास्तर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी झाली. कटिंग मास्तर म्हणजे कारखान्याचा कणा. तो कापडावर खडूने रेघ मारतो आणि त्या रेघेवर अख्खा मशीनचा हॉल दिवसभर चालतो. रेघ सरळ तर सगळं सरळ, रेघ चुकली तर परिचारिकांचे, वाढप्यांचे, पहारेकऱ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे चुकले. ह्या जागेवर आजवर एकही बाई बसली नव्हती. टेपताईला ती जागा हवी होती. आडूनआडून नाही, "मिळाली तर बरं" असं नाही, तर सरळ, उपाशी माणसाला जेवण हवं असतं तशी हवी होती.

दुसरा उमेदवार होता जिराफ. उंचीमुळे पडलेलं नाव. वयाने तिच्यापेक्षा लहान, हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली. तो टेबलाशी उभा राहिला की बोलता बोलता कापायचा आणि लोकांना वाटायचं, वा, किती सहज. टेपताई गप्प राहून कापायची, त्यामुळे तिला जड जातंय असं वाटायचं. जगाचा न्याय असाच असतो आणि त्यावर चरफडून काही उपयोग नसतो, पण ती चरफडायचीच.

त्यातच कारखाना हलला. रेल्वेच्या रुळांपलीकडे नवी इमारत झाली आणि मालकीणबाईंनी दोघांना बोलावून सांगितलं, "नव्या जागेत मशीन लवकर सुरू होणार. त्याच्या आधी टेबलावर कापलेला माल तयार पाहिजे. मास्तराला सगळ्यांच्या आधी यावं लागेल. पुढचा आठवडाभर दोघंही तसे या. शनिवारी मी स्वतः पहाटे येऊन बघेन आणि तिथेच काय ते सांगेन."

"मी तर मोटरसायकलवर येतो," जिराफ म्हणाला. "ताईंचं काय? पहिली बस तोवर निघते तरी का?"

निघत नव्हती. ते त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि आता मालकीणबाईंनाही कळलं.

"माझं मी बघते," टेपताई म्हणाली. काय बघणार हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याने नकाशा पसरला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि कुठल्याही संकटावर त्याच्याकडे नकाशा असायचा. "सायकलने गेलीस तर अंतर काहीच नाही," तो म्हणाला. "पण रुळांपाशी फाटक आहे. मालगाडी आली की ते मिटतं ते मिटतंच. शेजारी पायी जायचा पूल आहे, पण त्याला जिना."

"आणि आपल्यालाही जिना," लेक म्हणाली. "चौथ्या मजल्यावर सायकल कुठे ठेवणार? खाली ठेवली की गेलीच. पलीकडच्या काकांच्या दोन गेल्या."

"मग घडीची घेऊ," टेपताई म्हणाली. लहानपणी तिने वडिलांची सायकल दांडीखालून पाय घालून पार दामटली होती. त्या गोष्टीला जमाना लोटला होता, पण तिने तसं तोंडाने म्हटलं नाही.

सायकलच्या दुकानात तिघंही गेले. नवऱ्याने आधीच अभ्यास करून ठेवला होता, त्यामुळे तो आणि दुकानदार लगेच गिअर आणि चाकांवर बोलायला लागले. लेकीचा जीव एका पोपटी सायकलीवर जडला. टेपताई मात्र हाताची घडी घालून उभी होती.

"घडी घालून दाखवा," ती म्हणाली.

दुकानदाराने पोपटी सायकल खटाखट मोडून दाखवली. तिने चहूबाजूंनी पाहिली. एक पेडल बाहेर आलेलं, हँडल लोंबकळणारं, चाकं एकमेकांशी फटकून वागणारी. "ही घडी नाही, हे बोचकं आहे," ती म्हणाली. "जिन्यात माझ्या नडगीचा बुकणा पाडेल."

दुसरीची घडी बरी होती. "तुमच्याकडे जिना आहे का?" तिने विचारलं.

"माळ्यावर गोदाम आहे, पण तिकडे गिऱ्हाईक..." दुकानदाराचं वाक्य पुरं व्हायच्या आत एका हातात घेरदार स्कर्टचा सोगा आणि दुसऱ्या हातात सायकल घेऊन टेपताई अर्ध्या जिन्यात पोचली होती. वर गेली, खाली आली, मान हलवून ती सायकल बाजूला ठेवली आणि तिसरी उचलली. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघायला लागली. एका आजोबांनी तर जिन्याशी खुर्चीच ओढली.

शेवटी तिने जी निवडली ती बघून नवऱ्याने नाक मुरडलं. "चाकं बघ केवढीशी. लहान मुलाची वाटते. आणि गिअर तीनच."

"गिअर सायकलला लागतात. जिना मला चढायचाय."

"रंग मातकट आहे, आई," लेक हिरमुसली.

"मळ दिसणार नाही." तिने पुन्हा एकदा घडी घातली. दोन्ही चाकं शेजारी शेजारी नीट बसली, हँडल आत वळलं, काठाला काठ लागला. चांगल्या कापडाची घडी बसली की तिला जसं समाधान वाटायचं, तसंच ह्या लोखंडाच्या घडीने वाटलं. दुकानदाराने न विचारता घंटी फुकट बसवून दिली.

सायकल झाली, आता कपडे. लांब स्कर्ट साखळीत अडकणार हे उघड होतं. खेळाच्या कपड्यांच्या दुकानात विक्रेतीने अंगाला घट्ट चिकटणारी, बुडाशी गादी लावलेली चड्डी पुढे केली. टेपताईने ती बोटांनी ताणून पाहिली, शिवण उलटून पाहिली आणि शिवणीला पैकीच्या पैकी गुण दिले. "पण ही घालून मी हॉलमध्ये शिरले तर बायका सुया बोटांत घुसवून घेतील." मग अंधारात चमकणारं पिवळंधमक जाकीट आलं. ते घालून तिने आरशात पाहिलं. "रस्ता खणायला निघालेय असं वाटतं," ती म्हणाली, आणि विक्रेतीसुद्धा हसली.

डोक्यासाठी हेल्मेट तेवढं घेतलं. बाकीचं आपण शिवू, ती म्हणाली. जिचा जन्म गणवेश कापण्यात गेला तिने स्वतःचे कपडे विकत घ्यायचे म्हणजे आचाऱ्याने शेजारी जेवायला जाण्यासारखं होतं.

रविवारी तिने घरचं जेवणाचं टेबल अडवलं. गडद निळं, दमदार कापड. पँट आणि वर गुडघ्याच्या बरंच वर संपणारा कोट, म्हणजे सायकलवरही चालेल आणि कामावरही शोभेल. ती आरशासमोर ताठ उभी राहिली, लेकीने मापं घेतली, आणि संध्याकाळपर्यंत असा सुरेख पोशाख तयार झाला की नवऱ्याने तिला दिवाणखान्यात तीनदा फिरायला लावलं. खांद्यावर सुरकुती नाही, पाठीवर झोळ नाही. "मास्तर दिसतेस," तो म्हणाला. ती लाजली नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

सोमवारी पहाटे ती निघाली आणि पहिल्याच वळणाला कोटाने दगा दिला. हात पुढे हँडलवर गेले तशा बाह्या मनगटावरून मागे सरकल्या. पाठ वाकली तसा कोट वर चढला आणि कमरेला गार वारा लागायला लागला. पँट गुडघ्यात आवळत होती. थांबून थांबून, ओढून ओढून ती फाटकापाशी आली, ते मिटलेलं होतं म्हणून सायकलची घडी घातली, पुलाचा जिना चढून पलीकडे उतरली, पुन्हा सायकलवर टांग टाकली, आणि टर्रकन आवाज झाला. पँट आसनात मागून पुढेपर्यंत उसवली होती.

ती वेळेवर पोचली, हे तिने स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ती कोट कमरेला गुंडाळून पोचली, आणि जिराफ आधीच टेबलाशी उभा होता. त्याला गोष्ट समजायला फारसा वेळ लागला नाही.

"काय ताई, मास्तरांचीच शिवण उसवली?" तो म्हणाला. तो दुष्ट नव्हता, पण गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. मशीन सुरू झाली तोवर हॉलभर झालं होतं, आणि दुपारी मालकीणबाईंच्या कानावरही गेलं. त्या टेबलापाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "जिला स्वतःचं कापता आलं नाही, तिच्या रेघेवर हॉल कसा चालवू, हे मला शनिवारी सांगा." आवाज चढवला असता तर बरं, असं टेपताईला वाटलं.

त्या दिवशी तिने ॲप्रन मागून बांधला आणि गुरासारखं काम केलं. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून तोंड उघडलं नाही. घरी येऊन मात्र पँट टेबलावर आपटली.

"माप चुकलेलं नाही," ती म्हणाली. "तपासलं मी. एक दोराही चुकलेला नाही. मग उसवली कशी?"

लेकीने पुन्हा टेप घेतली. "उभी राहा बघू." टेपताई आरशासमोर ताठ उभी राहिली. मापं तीच आली. अगदी तीच.

"बरोबरच आहे," नवरा म्हणाला. "तू उभी राहून सायकल चालवत असशील तर."

तो नुसता विनोद करायला गेला होता. पण टेपताई एकदम त्याच्याकडे वळली आणि असं बघत राहिली, की तो म्हणाला, "अगं, चिडू नकोस."

ती चिडली नव्हती. तिच्या डोक्यात घंटा वाजली होती. आयुष्यभर तिने माणसांना एकच सांगितलं होतं, सरळ उभे राहा, हात सोडा, खाली बघू नका. म्हाताऱ्या मास्तरांनी तेच शिकवलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी तेच शिकवलं होतं. सगळा धंदा उभ्या माणसावर चालला होता. आणि माणूस दिवसभर उभा कुठे असतो? वाकतो, बसतो, उचलतो, ओढतो. कपडा मात्र आरशासमोरच्या त्या एका क्षणासाठी बेतलेला.

"सायकल उघडा," ती म्हणाली. "आत्ता. इथेच."

दिवाणखान्यात सायकल उभी राहिली. नवऱ्याने मागचं चाक गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हातांनी सीट आवळली. टेपताई वर बसली, हात हँडलवर ठेवले, पाठ वाकवली, एक पाय वर, एक खाली. लेक टेप घेऊन भोवती फिरायला लागली.

"मानेपासून कमरेपर्यंत घे. आता खांद्यापासून मनगट, कोपरावरून. आता पाय बदलते, गुडघा घे."

"आई, पाठीचं माप चांगलं वीतभर वाढलंय."

"वाढणारच. आसनाचं घे, मागून."

"सायकल हलतेय, बाबा."

"सायकल नाही, मी हलतोय," नवरा खालून कण्हत म्हणाला. "तुझी आई पेडल मारतेय."

ती खरंच मारत होती. चाक त्याच्या गुडघ्यांत घरघरत होतं, त्याची पँट मातीने माखली होती, आणि टेपताई हसत होती. सबंध दिवसात पहिल्यांदा हसत होती.

पण मापं हातात आली म्हणजे कोट झाला असं नव्हे. वाकल्यावर जे कापड लागतं ते सरळ उभं राहिल्यावर कुठे जाणार? पाठीवर पिशवी लोंबणार, बाह्या बोटांवर येणार, आणि मालकीणबाई पुन्हा विचारणार की हे काय. पुढचे दिवस ती लेकीच्या जुन्या ढगळ पँटमध्ये कामावर गेली, जिराफाचे टोमणे कानाआड केले आणि घरी येऊन कापत बसली. पहिला नमुना पिशवीसारखा झाला. दुसऱ्यात बाहीचा मुंढा खोल गेला आणि हात वर करता येईना. तिने दोन्ही उसवले आणि जराही हळहळली नाही. नवऱ्याने त्या दिवसांत स्वयंपाक सांभाळला, आणि त्याबद्दल इथे चांगलं काही म्हणता येत नाही.

शेवटी जमलं. खांद्यांच्या मागे तिने दोन खोल चुण्या घातल्या. वाकलं की त्या उघडायच्या, सरळ झालं की आपोआप मिटायच्या आणि पाठ पाटीसारखी सपाट दिसायची. मुंढ्याखाली जादा कापडाची चौकोनी कळी लावली, म्हणजे हात पुढे गेले तरी बाही जागची हलू नये. पँटच्या आसनाला दुसरी कळी, गुडघ्याला दोन लहान चुण्या. आणि मग तिला ते पिवळंधमक जाकीट आठवलं. चमकणारी पट्टी आणून तिने ती पाठीच्या चुण्यांच्या आत शिवली. सायकलवर वाकलं की पट्टी उघडी पडून मागच्याच्या डोळ्यांत चमकणार, आणि उतरून उभं राहिलं की आत गुडूप. लेकीने अंधाऱ्या जिन्यात बॅटरीचा झोत टाकून बघितलं. पाठीवर दोन लखलखीत रेघा उमटल्या. आई सरळ झाली तशा रेघा गेल्या.

"पुन्हा वाक," लेक म्हणाली. टेपताई पुन्हा वाकली. बराच वेळ त्या दोघी नुसत्या हेच करत होत्या.

शनिवारी पहाट थंड होती. चारही जिने ती सायकल काखेत मारून उतरली, उघडली आणि निघाली. कोट अंगावर आहे की नाही हेही कळेना, आणि चांगल्या कपड्याची हीच खूण. बाह्या मनगटाशी मुक्काम ठोकून होत्या. कमर झाकलेली होती. चढावर तिने जोर लावला, पँटने हूं की चूं केलं नाही. उतारावर पाय सोडून दिले. लहान चाकं भिरभिरत होती, रस्ता सगळा तिचा होता, आणि तिने उगाचच, समोर कुणी नसताना, घंटी वाजवली.

फाटक बंद होतं. त्यापलीकडे मालगाडी होती, लांबच लांब, आणि ती चालतही नव्हती. चक्क उभी होती. फाटकाशी ट्रकांच्या मागे, मोटरसायकल बंद करून, पाय जमिनीला टेकवून जिराफ बसला होता. त्याने वळून पाहिलं.

"ताई, अर्धा तास तरी हलत नाही म्हणतात," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी सोबतीची आशा होती.

"असं का," टेपताई म्हणाली. तिने सायकलची घडी घातली, उचलली आणि पुलाचा जिना चढायला लागली. मुद्दाम घाई केली नाही. पुलाच्या मधोमध आल्यावर मात्र तिने एकदा खाली पाहिलं. जिराफ मान वर करून बघत होता, आणि एवढ्या उंच माणसाला वर बघायची सवय नसल्याने तोंड थोडं उघडं होतं.

मालकीणबाई कारखान्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी टेपताईला सायकलवरून येताना पाहिलं, उतरताना पाहिलं, घडी घालताना पाहिलं. मग दार उघडलं. टेपताईने सायकल टेबलाखाली सरकवली, कापडाचे थर लावले, खडू घेतला आणि कामाला लागली. रेघ मारताना ती टेबलभर वाकायची आणि दर वेळी पाठीवर त्या दोन रेघा दिव्याखाली चमकून जायच्या. मशीनवरच्या बायका आल्या तेव्हा माल तयार होता. जिराफ आला तेव्हा मशीन चालू झाली होती.

"कोट काढा," मालकीणबाई म्हणाल्या.

टेपताईने काढून दिला. त्यांनी तो उलटा केला, कारण कापडातलं कळणारी माणसं कपडा आतून बघतात. चुण्या उघडल्या, मिटल्या. कळी बोटाने चाचपली. पट्टीवर अंगठा फिरवला. हॉलमधली मशीन एकेक करून थांबत गेली.

"हे कुठे शिकलात?"

"फाटल्यावर," टेपताई म्हणाली. "मग सायकलवर बसूनच माप घेतलं."

मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ गेला आणि ते आलं. "दवाखान्याच्या परिचारिकांचे सदरे वाकताना वर चढतात, अशी तक्रार आलीय. सोमवारपासून त्यांची मापं घ्यायला तुम्ही जा, मास्तर. आणि त्यांना रोग्याला उचलायला लावा, नाहीतर पलंगाखाली वाकायला लावा, ते तुमचं तुम्ही ठरवा." मग त्या हॉलकडे वळल्या. "ऐकलंत ना सगळ्यांनी? टेबल ह्यांचं."

हॉलमध्ये जो गलका झाला त्यात टेपताईला कुणी मिठी मारली, कुणी कोट ओढून पाहिला, कुणी सायकलची घंटी वाजवली, काही कळलं नाही. तिला रडू आलं आणि ह्या वेळी तिने ते थांबवलं नाही. मशीनवरच्या एका म्हाताऱ्या बाईने आपली खुर्चीच पुढे ओढली आणि म्हणाली, "माझं माप पहिलं घे. मी दिवसभर अशीच बसते. बरगडीखाली टोचतं ते नीट कर." तिच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. सगळ्या आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या आणि बसून राहिल्या.

दुपारी गर्दी पांगली तेव्हा जिराफ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घुटमळत होता. बोलक्या माणसाला शब्द शोधताना बघणं फारसं सुखाचं नसतं. टेपताई थांबली.

"मास्तर," तो म्हणाला. "टेबलावर वाकलं की माझा सदरा दर वेळी पँटमधून बाहेर येतो. इतकी वर्षं येतोय. माझंही माप घ्याल?"

तो पुढे आला आणि सवयीने ताठ उभा राहिला, हात सोडून, समोर बघत.

"उभा राहू नकोस," ती म्हणाली. "वाक."

तो वाकला, पार टेबलावर हात टेकेपर्यंत. तिने त्याच्या मानेवर टेप टेकवली आणि पाठीचं माप घेतलं.